वेदना ओळखणारं चॅनेल एकटं काम करत नाही: तीन-चार साखळ्या मिळून ते बनतं कसं?

मिरची तिखट का लागते याचं उत्तर हल्ली बऱ्याच जणांना पाठ असतं, की जिभेवर टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रोटीन असतं, त्याला मिरचीतलं कॅप्सेसिन चिकटतं आणि मेंदूला "भाजतंय" असा निरोप जातो. उत्तर चूक नाहीये, पण अर्धवट आहे, कारण टीआरपीव्ही-१ ची एक साखळी, म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब माळ, पेशीच्या पडद्यात एकटी नेऊन बसवली तर ती काहीच करणार नाही, तिच्यात आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, जायला भोकच नसतं. तशा चार साखळ्या एकमेकींना चिकटून गोलात बसल्या की मधे जी जागा उरते ते भोक. आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली खरी मजा त्या जोडांमध्येच आहे, कारण कॅप्सेसिन जिथे बसतं ती जागा, कोळ्याचं विष जिथे शिरतं ती जागा, औषधाने तोंडाची चव का जाते, एकाच बिघडलेल्या जीनमुळे अख्ख्या कुटुंबाला दुखण्याचे झटके का येतात, हे सगळं कोण कोणाच्या शेजारी बसलंय यावर ठरतं.

आधी थोडं बेसिक. पेशीचा पडदा म्हणजे चरबीच्या रेणूंचे दोन थर, जाडी साधारण ४ नॅनोमीटर. सोडियम, कॅल्शियमसारखे विद्युतभार असलेले आयन त्यातून आपले आपण जाऊ शकत नाहीत, आणि पेशी मुद्दाम पंप वगैरे चालवून हे दोन्ही आयन बाहेर जास्त आणि आत कमी असं ठेवते. मग पडद्यात कुठे दार उघडलं की आयन आत घुसतात, सेकंदाला लाखोंच्या हिशोबात, त्या टोकाचं व्होल्टेज बदलतं, ते पुरेसं बदललं की शेजारची सोडियम चॅनेल्स उघडतात आणि सिग्नल मणक्याच्या दिशेने सुटतो. आयन चॅनेल म्हणजे हे दार. वेदनेच्या न्यूरॉनवर, म्हणजे मज्जापेशीवर, अशी बरीच वेगवेगळी दारं असतात, कुणी उष्णतेला उघडतं, कुणी आम्लाला, कुणी दाबाला, कुणी फुटलेल्या पेशीतून सांडलेल्या एटीपीला, म्हणजे पेशीच्या इंधनाच्या रेणूला.

आता टीआरपीव्ही-१ ची एक साखळी जरा जवळून बघू. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या लॅबमध्ये मायकेल कॅटरिना आणि मंडळींनी उंदराच्या जातीतल्या घुशीएवढ्या प्राण्यातून, म्हणजे रॅटमधून, हा जीन शोधला. त्यातून बनणारी साखळी ८३८ अमिनो आम्लांची. ती पडद्यातून सहा वेळा आरपार जाते, त्या सहा तुकड्यांना एस-१ ते एस-६ म्हणतात, आणि साखळीची दोन्ही टोकं पेशीच्या आतल्या बाजूला लोंबत राहतात. सुरुवातीच्या टोकाला अँकिरिन रिपीट नावाच्या सहा घड्या असतात, शेवटच्या टोकाकडे एस-६ संपल्या संपल्या टीआरपी डोमेन नावाची एक आडवी सळई असते. भोकाची भिंत बनवणारा भाग फक्त एस-५, एस-६ आणि त्यांच्या मधला वळसा. पण एका साखळीकडे या भिंतीचा पाव हिस्साच असतो, बाकीचे तीन पाव दुसऱ्या तीन साखळ्यांनी आणायचे. चारही जमल्या की सगळं मिळून साधारण १० नॅनोमीटर रुंदीचं, चारी बाजूंनी सारखं दिसणारं प्रोटीन होतं.

मग असा प्रश्न येतो की चार तुकड्यांचा खटाटोप कशाला, एकच लांब साखळी का नाही? एक तर जीन छोटा पुरतो, ८३८ अमिनो आम्लांची रेसिपी चार वेळा वापरली की साडेतीन हजाराच्या आसपासचं यंत्र तयार. दुसरं, साखळी बनवताना चूक झाली तर पाव भाग फेकावा लागतो, सगळं नाही. तिसरं, सारखे तुकडे गोलात बसले की बरोब्बर मध्यभागी भोक येणार हे भूमितीनेच ठरून जातं, त्यासाठी वेगळी काही योजना लागत नाही. आणि चौथं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे वेगवेगळ्या साखळ्यांची सरमिसळ करता येते, त्याकडे पुढे येतोच.

हे बनतं कुठे ते बघा. पायाच्या अंगठ्याला जे टोचलेलं कळतं त्या न्यूरॉनचं मुख्य शरीर अंगठ्यात नसतंच, ते मणक्याला लागून असलेल्या डॉर्सल रूट गँग्लियन नावाच्या गाठीत असतं. तिथे राइबोसोम नावाचं प्रोटीन बनवणारं यंत्र साखळी विणतं, वेग सेकंदाला साधारण पाच-सहा अमिनो आम्लं, म्हणजे एक साखळी पुरी व्हायला अडीच-तीन मिनिटं. विणता विणताच ती एंडोप्लाझमिक रेटिक्युलम (थोडक्यात ईआर) नावाच्या पेशीतल्या प्रोटीन-कारखान्याच्या पडद्यात ढकलली जाते, त्यासाठी सेक-६१ नावाचं वेगळं प्रोटीन-दार असतं. एस-१ आत, एस-२ बाहेर, असं करत करत सहाही तुकडे पडद्यात बसतात. मग ही साखळी पडद्यातल्या पडद्यात तरंगत फिरते, कारण पडदा काही घट्ट नसतो, तेलासारखा वाहता असतो, आणि फिरता फिरता तिला तिच्यासारख्या दुसऱ्या साखळ्या भेटतात.

भेटल्यावर एकमेकींना ओळखायचं कसं हा खरा प्रश्न, कारण त्याच ईआरमध्ये त्याच वेळी शेकडो प्रकारची इतर प्रोटीन्स बनत असतात. यासाठी प्रत्येक कुळाची आपापली ओळखखूण असते. टीआरपीव्ही-१ मध्ये एस-६ नंतरचा तो टीआरपी डोमेनचा भाग महत्त्वाचा, तो बिघडवला की चौघी नीट जमत नाहीत. टीआरपीए-१ मध्ये, म्हणजे मोहरी आणि वसाबीचा झणका ओळखणाऱ्या चॅनेलमध्ये, चारही साखळ्यांच्या शेपटाकडचे भाग मध्यभागी एकत्र येऊन एकमेकांना पीळ घालतात, दोरीचे चार पदर वळतात तसे, याला कॉइल्ड कॉइल म्हणतात. थंडी आणि मेन्थॉल ओळखणाऱ्या टीआरपीएम-८ मध्येही शेपटाला असाच पीळ आहे. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी, की जोडात तेलकट अमिनो आम्लं आतल्या बाजूला दडतात, उलट भार असलेली एकमेकांसमोर येतात, आणि एकेक ओढ अगदी दुबळी असली तरी शेकडो जागी मिळून पकड पक्की होते.

ईआरमध्ये तपासणीही कडक असते. अर्धवट घडी पडलेली किंवा जोडीदार न मिळालेली साखळी शापेरॉन नावाची प्रोटीन्स धरून ठेवतात, पुन्हा घडी घालायची संधी देतात, आणि तरीही जमलं नाही तर तिला ईआरच्या बाहेर ओढून प्रोटिओसोममध्ये तुकडे तुकडे केलं जातं. पुरेशी जमवाजमव झाली हे पेशीला कळतं कसं, याचं एक फार सुंदर उदाहरण वेदनेच्या कुळाबाहेरचं आहे पण सांगतोच: के-एटीपी नावाच्या पोटॅशियम चॅनेलमध्ये दोन प्रकारच्या चार-चार, एकूण आठ साखळ्या लागतात, आणि प्रत्येक साखळीवर "हिला बाहेर सोडू नका" अशी तीन अमिनो आम्लांची खूण असते, जी आठही नीट जमल्यावरच झाकली जाते. एक जरी कमी पडली तरी खूण उघडी राहते आणि माल आतच अडकतो. १९९९ मध्ये हे दाखवलं गेलं, आणि इतकं साधं काहीतरी इतकं चोख काम करतं हे वाचून मी तरी थक्क झालो होतो.

पास झालेलं चॅनेल मग गॉल्जी नावाच्या पेशीतल्या पॅकिंग खात्यातून जातं, त्याच्या बाहेरच्या भागावर ईआरमध्येच चढलेल्या साखरेच्या साखळ्यांना तिथे शेवटचं रूप दिलं जातं, ते छोट्या पिशवीत भरलं जातं आणि मोटर प्रोटीन्स ती पिशवी न्यूरॉनच्या लांब दोरीतून टोकाकडे ओढत नेतात. वेग दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर. म्हणजे उंच माणसाच्या मणक्यापासून अंगठ्यापर्यंत एक मीटर धरलं तर तीन ते पाच दिवसांचा प्रवास, आणि आत्ता तुमच्या अंगठ्याच्या टोकाला बसलेलं चॅनेल या आठवड्यात मणक्यापाशी जुळवलेलं असू शकतं.

चौघी बसतात नेमक्या कशा हे बरीच वर्षं अंदाजानेच सांगितलं जायचं, कारण पडद्यातल्या प्रोटीनचे स्फटिक बनवणं म्हणजे महाकटकटीचं काम. २०१३ च्या डिसेंबरमध्ये यिफान चेंग आणि ज्युलियस यांच्या गटाने स्फटिक न बनवताच, क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने, टीआरपीव्ही-१ चं ३.४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) इतकं बारीक चित्र काढलं. प्रोटीनचं पाणी झटक्यात गोठवायचं, हजारो कणांचे वेगवेगळ्या कोनातून फोटो घ्यायचे, आणि कॉम्प्युटरने ते एकत्र करून त्रिमिती आकार काढायचा. तेव्हा नवीनच आलेले इलेक्ट्रॉन थेट मोजणारे कॅमेरे यात कामी आले, आणि त्यानंतर पडद्यातल्या प्रोटीनच्या चित्रांचा जो पूर आला तो अजून ओसरलेला नाही.

त्या चित्रात दिसलेली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे प्रत्येक साखळी स्वतःच्या अंगाशी चिकटून बसलेली नसते. एका साखळीचे एस-१ ते एस-४ हे तिच्या स्वतःच्या एस-५, एस-६ ला टेकत नाहीत, ते शेजारणीच्या एस-५, एस-६ ला टेकतात. चार जण गोलात उभे राहून प्रत्येकाने आपला हात शेजाऱ्याच्या खांद्यावर टाकावा तसं, त्यामुळे एक हलला की दुसऱ्याला धक्का बसणारच. याला डोमेन स्वॅप म्हणतात. खाली पेशीच्या आतल्या भागातही तोच प्रकार, एका साखळीच्या टोकांपासून बनलेली छोटी बीटा-पट्टी शेजारणीच्या अँकिरिन घड्यांना जाऊन भिडते, म्हणजे वरून आणि खालून दोन्हीकडून विणकाम.

आता कॅप्सेसिन. त्याचा खड्डा एका साखळीच्या एस-३, एस-४ आणि एस-४ ते एस-५ च्या मधल्या जोडापाशी असतो, पण त्याची एक भिंत शेजारणीच्या भोकाकडच्या भागाची असते. म्हणजे खड्डाच दोघींत मिळून. शिवाय हा खड्डा रिकामा नसतो, एरवी तिथे पडद्यातलाच एक चरबीचा रेणू, फॉस्फॅटिडिलइनोसिटॉल, ठाण मांडून बसलेला असतो आणि चॅनेल बंद ठेवतो. कॅप्सेसिन त्याला हुसकून जागा घेतं, मधला जोड बाहेरच्या बाजूला ओढला जातो, शेजारचा एस-६ सरकतो, आणि खालचं दार उघडतं. कोंबडीच्या टीआरपीव्ही-१ ला उष्णता नीट कळते पण कॅप्सेसिनचं काही वाटत नाही, थोडीच अमिनो आम्लं वेगळी आहेत म्हणून, आणि त्यामुळेच पक्षी तिखट मिरच्या आरामात खाऊन बिया लांब लांब नेऊन टाकतात.

चार खड्डे आहेत म्हटल्यावर चारही भरावे लागतात का? हे तपासायला लोकांनी चार साखळ्यांचे जीन एकापुढे एक जोडून एकच लांबलचक साखळी बनवली, म्हणजे कुठली साखळी चांगली आणि कुठली बिघडवलेली हे आपल्या हातात राहतं. मग ५११ नंबरचं टायरोसीन हे अमिनो आम्ल बदलून एकेका साखळीची कॅप्सेसिन पकडायची क्षमता काढून टाकत गेले. तीन साखळ्या आंधळ्या केल्या आणि फक्त एकच चांगली ठेवली, तरी चॅनेल पूर्ण उघडलं! पण आम्लाच्या बाबतीत उलटं निघालं, तिथे चारही साखळ्या धडधाकट लागतात. त्याच यंत्रात एका इशाऱ्याला एकीचा होकार पुरतो आणि दुसऱ्याला एकमत लागतं. २०१५ चं हे काम आहे आणि माझ्या मते त्याला मिळायला हवी होती तेवढी प्रसिद्धी मिळाली नाही.

विष बनवणाऱ्या प्राण्यांना हे जोड आपल्या आधीपासून माहीत आहेत असंच म्हणावं लागेल. चायनीज बर्ड स्पायडर नावाच्या मोठ्या कोळ्याच्या विषात एक टॉक्सिन, म्हणजे विषारी प्रोटीन, आहे, त्यात एकसारख्या दोन गाठी एका छोट्या दोरीने जोडलेल्या असतात. प्रत्येक गाठ टीआरपीव्ही-१ च्या बाहेरच्या तोंडाशी, दोन साखळ्यांच्या सांध्यात, जाऊन रुतते. चार सांधे, एका टॉक्सिनच्या दोन गाठी, म्हणजे एका चॅनेलला दोन टॉक्सिन बसतात आणि दार उघडं अडकून राहतं. दोन गाठी असण्याचा फायदा असा की एक निसटली तरी दुसरी धरून असते, त्यामुळे ते सुटता सुटत नाही.

साखळ्या मोजतात कशा हेही ऐकण्यासारखं आहे. प्रत्येक साखळीला जीएफपी नावाचं हिरवं चमकणारं प्रोटीन जोडायचं, चॅनेल्स इतकी विरळ ठेवायची की मायक्रोस्कोपखाली एकेक ठिपका वेगळा दिसेल, आणि लेझर सतत मारत राहायचं. लेझरने जीएफपी कायमचं विझतं, पण एकदम नाही, एकेक करून. म्हणजे एका ठिपक्याचा उजेड पायऱ्या उतरल्यासारखा टप्प्याटप्प्याने कमी होतो, चार पायऱ्या दिसल्या तर चार साखळ्या. त्यात एक गोम आहे, काही जीएफपी पहिल्यापासूनच चमकत नाहीत, त्यामुळे चार साखळ्यांचं चॅनेलही कधी तीन, कधी दोन पायऱ्या दाखवतं, म्हणून शेकडो ठिपके मोजून कुठल्या आकड्याचं वाटप बसतं ते गणिताने काढावं लागतं. चारच्या वर पायऱ्या जवळपास कधीच न दिसणं हा त्यात मोठा पुरावा.

आता सरमिसळीकडे येऊ, कारण इथे साधी संभाव्यता फार मोठे परिणाम करते. समजा एका पेशीत दोन प्रकारच्या साखळ्या सारख्याच प्रमाणात बनतायत, एक चांगली, एक बिघडलेली, आणि त्या कसलाही भेदभाव न करता चार-चारच्या गटात जमतायत. तर चारही चांगल्या असण्याची शक्यता अर्ध्याचा चौथा घात, म्हणजे सोळात एक. आणि एक बिघडलेली साखळी अख्खं चॅनेल बंद पाडत असेल तर पेशीतली सोळापैकी पंधरा चॅनेल्स कामातून गेली, जरी निम्मा माल उत्तम असला तरी. तीन साखळ्यांच्या चॅनेलमध्ये हेच आठात एक होतं. पेशी स्वतःही ही युक्ती वापरतात असं दिसतं, माऊसमध्ये टीआरपीव्ही-१ ची एक आवृत्ती आहे जिच्यात फक्त १० अमिनो आम्लं कमी आहेत, ती स्वतः चालत नाही आणि चांगल्या साखळ्यांत मिसळली की त्यांनाही चालू देत नाही.

बिघाड उलट्या दिशेचाही असतो. २०१० मध्ये कोलंबियातल्या एका कुटुंबाबद्दल छापून आलं, त्यांच्यातल्या काहींना लहानपणापासून शरीराच्या वरच्या भागात भयंकर दुखण्याचे झटके यायचे, उपाशी राहिलं, थंडी लागली, अंगमेहनत झाली की सुरू. कारण निघालं टीआरपीए-१ मधल्या ८५५ नंबरच्या एका अमिनो आम्लाचा बदल, त्यामुळे चॅनेल उघडल्यावर नेहमीच्या सुमारे पाचपट करंट आत यायचा. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच बिघडलेला जीन आला तरी आजार होतो. दोन्ही प्रती सारख्याच चालतायत असं धरलं तर वरच्या हिशोबाने सोळापैकी पंधरा चॅनेल्समध्ये निदान एक तरी बदललेली साखळी असणार, म्हणजे एका चांगल्या प्रतीचा आधार किती तोकडा पडतो ते बघा.

सगळीच वेदनेची चॅनेल्स चौघींची नसतात. आम्ल ओळखणारी एएसआयसी कुळातली चॅनेल्स तीन साखळ्यांची. त्यांच्या नातेवाईक चॅनेलबद्दल कुणी चार म्हणायचं, कुणी नऊ, बरेच वाद झाले, आणि २००७ मध्ये एरिक गूओ यांच्या गटाने कोंबडीच्या एएसआयसी-१ चा स्फटिक दाखवला तेव्हा तीन निघाल्या आणि वाद मिटला. त्यातली एकेक साखळी इतकी हाताच्या मुठीसारखी दिसते की तिच्या भागांना तळवा, अंगठा, बोट, मनगट अशीच नावं पडली. आम्ल ओळखायचा खड्डा अंगठा आणि बोटाच्या मधे, आणि तोही शेजारणीच्या तळव्याला लागून. हृदयाला रक्त कमी पडलं की तिथल्या ऊतींत आम्ल साचतं, ते ओळखणाऱ्या मज्जातंतूंवर एएसआयसी-३ भरपूर असतं. आणि इथेही विष आहेच: टेक्सासच्या कोरल सापाचं मिटटीएक्स हे टॉक्सिन या चॅनेल्सना उघडून जबरदस्त वेदना देतं, तर आफ्रिकेच्या ब्लॅक मांबाच्या विषातले मांबाल्जिन हे रेणू त्याच कुळाला बंद करून वेदना कमी करतात. मिटटीएक्सची गंमत म्हणजे ते स्वतःच दोन वेगळ्या प्रोटीन्सचं मिळून बनलेलं आहे, एकटं कुठलंच काम करत नाही.

पण सरमिसळीचं सगळ्यात बोलकं उदाहरण मला विचाराल तर पी२एक्स-३ चं. हेही तीन साखळ्यांचं, पेशी फुटली की जे एटीपी सांडतं त्याला उघडणारं, आणि एटीपीचे तिन्ही खड्डे दोन-दोन साखळ्यांच्या सांध्यांत. तिन्ही साखळ्या पी२एक्स-३ असतील तर चॅनेल झटकन उघडतं आणि सेकंदाच्या आत थकून बंद होतं. पण त्यातल्या एकीच्या जागी पी२एक्स-२ ही चुलत साखळी आली तर तेच चॅनेल एटीपी असेपर्यंत बराच वेळ उघडं राहतं. एक साखळी बदलली आणि स्वभावच बदलला, १९९५ मध्ये हे लक्षात आलं.

आणि हे नुसतं लॅबपुरतं राहिलं नाही. गेफापिक्सँट नावाचं औषध पी२एक्स-३ बंद करायला बनवलं, महिनोन्महिने न थांबणाऱ्या खोकल्यासाठी, कारण श्वासनलिकेतल्या ज्या मज्जातंतूंमुळे खोकल्याची उबळ येते त्यांच्यावर हे चॅनेल असतं. खोकला कमी झाला, पण मोठ्या चाचण्यांत नेहमीचा डोस घेणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांची चव बिघडली किंवा गेली. का, तर जिभेवरच्या चवपेशी मज्जातंतूंशी एटीपीमधूनच बोलतात आणि त्या मज्जातंतूंवर ती मिश्र चॅनेल्स असतात, पी२एक्स-२ आणि पी२एक्स-३ ची, आणि औषध शुद्ध आणि मिश्र यात फारसा फरक करत नाही. २०२२ मध्ये जपानने आणि २०२३ मध्ये युरोपने त्याला परवानगी दिली, अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने मात्र दोनदा नाही म्हटलं. त्यानंतरच्या कॅमलिपिक्सँटसारख्या रेणूंमध्ये तिन्ही साखळ्या पी२एक्स-३ असलेलंच चॅनेल पकडायचं आणि मिश्रला हात लावायचा नाही असा प्रयत्न आहे, आणि चाचण्यांत चवीची तक्रार बरीच कमी दिसली. म्हणजे औषधाचा सगळा नेम एका साखळीच्या फरकावर.

दाब ओळखणारं पिएझो-२ पण तीनच साखळ्यांचं, पण प्रत्येक साखळी राक्षसी, २८०० च्या आसपास अमिनो आम्लांची आणि पडद्यातून ३८ वेळा आरपार, म्हणजे तिन्ही मिळून ११४. वरून बघितलं तर तीन पात्यांचा पंखा दिसतो आणि त्याची पाती पडद्याला खड्ड्यासारखं वाकवून ठेवतात, पडदा ताणला की पाती सपाट होतात आणि मधलं भोक उघडतं. पिएझो २०१० मध्ये आर्डेम पटापूटियन यांच्या लॅबमध्ये सापडलं, आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि ज्युलियस यांना मिळून दिलं गेलं. ज्यांच्यात जन्मतःच पिएझो-२ चालत नाही अशा लोकांना सूज आलेल्या जागी नुसता ब्रश फिरवला तर आपल्याला जसं झोंबतं तसं झोंबत नाही.

या सगळ्यांत वेगळं पडतं ते नॅव्ह-१.७, वेदनेचा सिग्नल पुढे ढकलणारं सोडियम चॅनेल. तिथे चार पाव भाग एकाच लांब साखळीत ओवलेले आहेत, जवळपास २००० अमिनो आम्लं, २४ वेळा आरपार. भोक बनवायला बाहेरून कुणाची गरज नाही, फक्त बाजूला बीटा नावाच्या छोट्या साखळ्या चिकटून त्याचा वेग आणि पडद्यावर किती संख्येने पोचायचं ते सांभाळतात. २००६ मध्ये उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत अशी मुलं सापडली ज्यांना वेदना म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, त्यातला एक मुलगा निखाऱ्यांवर चालण्याचे खेळ करायचा. त्यांच्या नॅव्ह-१.७ च्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. आईवडिलांकडे एक बिघडलेली आणि एक चांगली अशी होती आणि त्यांना वेदना अगदी नेहमीसारखी. चांगल्या प्रतीतून बनणारी साखळी आपलं चॅनेल आपण बनवते, इतर तीन जणींवर अवलंबून नसते.

शेवटी पुन्हा टीआरपी कुळ, म्हणजे टीआरपीव्ही-१ आणि त्याचे नातेवाईक. उन्हाने कातडी भाजलेली असताना कोमट पाणीसुद्धा चटका देतं, कारण सुजलेल्या जागी बनणारी रसायनं टीआरपीव्ही-१ वर फॉस्फेट चढवतात आणि ४३ अंशांच्या आसपास उघडणारं चॅनेल शरीराच्या तापमानाजवळ उघडायला लागतं. शिवाय एनजीएफ नावाचं प्रोटीन पिशव्यांत तयार ठेवलेली चॅनेल्स भराभर पडद्यावर आणून बसवतं. फार वेळ उघडं ठेवलं तर या चॅनेलमधून सोडियम-कॅल्शियमपेक्षा मोठे रेणूही आत जातात. २००७ मध्ये हे वापरून बोस्टनच्या संशोधकांनी क्यूएक्स-३१४ हा लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा कायम भार असलेला भाऊबंद कॅप्सेसिनसोबत रॅटच्या मज्जातंतूपाशी टोचला, तो एरवी पडद्यातून जाऊ शकत नाही, पण टीआरपीव्ही-१ च्या भोकातून फक्त वेदनेच्या न्यूरॉनमध्ये शिरला आणि आतून सोडियम चॅनेल्स बंद केली. पाय बधिर, पण हालचाल शाबूत.

भोक इतकं रुंद होतं कसं यावर बऱ्याच कल्पना आहेत, पण २०२३ मध्ये टीआरपीव्ही-३ या कातडीतल्या नातेवाईकाबद्दल जे दिसलं ते कुणाच्या डोक्यात नव्हतं. सायमन शॉयरिंग यांच्या गटाने हाय-स्पीड अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपने, म्हणजे बारीक सुईने पडदा चाचपत चाचपत, या चॅनेल्सचा चक्क व्हिडिओ काढला, आणि चौघींच्या गर्दीत मधूनच पाच साखळ्यांची चॅनेल्स दिसायला लागली. पडद्यात मोकळी फिरणारी एखादी साखळी येऊन गोलात घुसते, भोक मोठं होतं, थोड्या वेळाने एक जण निघून जाते आणि पुन्हा चार. पुढे क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने त्या पाच जणींचा स्थिर फोटोही मिळाला, मधलं भोक चौघींपेक्षा सरळ सरळ मोठं.